धोंडूची हाक

समुद्राचा आवाज येत नव्हता, एवढंच झालं होतं. रविवार होता, वखारीला सुट्टी होती, आणि राहीनं फारच लावून धरलं म्हणून काशीराम संध्याकाळी बायकोबरोबर मांडवीच्या कठड्यावर येऊन बसला होता. खोली मागच्याच आळीत, पण महिनोन्महिने इकडे पाय वळायचे नाहीत. समुद्र काय कुठं पळून जातोय, असं तो म्हणायचा. भरती होती. लाट खडकावर आपटत होती, फुटत होती, पांढरी होऊन मागे सरत होती, आणि हे सगळं मुकाट्यानं चाललं होतं. काशीराम आधी नुसता बघत राहिला. मग त्यानं मान वळवून आजूबाजूच्या माणसांकडे पाहिलं, त्यांच्यापैकीच कुणी काहीतरी बंद करून ठेवलं असावं तसं. भेळवाला पातेल्यात चमचा आपटत होता. एक बाई पोराला दरडावत होती. तोंडं हलत होती. काशीरामनं करंगळी कानात घालून जोरजोरात हलवली, आवंढा गिळला, जांभई दिल्यासारखं केलं. डोक्यात वखारीची चक्री तेवढी चालू होती, बारीक, एका सुरात. ती तर सुट्टीच्या दिवशीही बंद होत नसे. राही काहीतरी म्हणाली. तो म्हणाला, "हो." तिनं जरा चमकून पाहिलं, पुन्हा काही बोलली, आणि तो पुन्हा "हो" म्हणाला. मग ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत पाण्याकडे बघत बसली. आपण नको तिथं हो म्हटलं हे त्याच्या लक्षात आलं. पण काय विचारलंस गो, असं विचारायची त्याची छाती झाली नाही.

घरी येताना तो दोन पावलं मागे राहिला. मागे राहिलं की बोलावं लागत नाही, ही युक्ती त्यानं अलीकडेच काढली होती. अशा युक्त्या आता पुष्कळ साठल्या होत्या. एस्टीत चढलं की कंडक्टरनं तोंड उघडायच्या आत आपणच स्टॉपचं नाव सांगायचं. दुकानात वस्तूकडे बोट दाखवायचं. मुंबईहून विनीतचा, म्हणजे मुलाचा, फोन शेजारी आला की "घे, तुझ्या आयशीशी बोल" म्हणून रिसीव्हर राहीच्या हातात कोंबायचा आणि आपण कामाचा माणूस असल्यासारखं निघून जायचं. चारजण हसले की हसायचं. आता माणसं काय आपल्याकडे बघत बसलेली नसतात, त्यामुळे हे सगळं चालून जातं. किती चालतं याचं काशीरामचं त्यालाच नवल वाटायचं. पण समुद्र? कंडक्टर हळू बोलत असेल, राही पुटपुटत असेल, फोनची तार खराब असेल, हे सगळं त्यानं स्वतःला समजावून झालं होतं. समुद्राला कसला दोष देणार? काशीरामला भीती वाटली. ती पोटात नाही, पोटऱ्यांत शिरली, आणि आळीतला चढ चढताना तो एकदा थांबला. राही वळून बघत होती. त्यानं चपलेतला खडा काढल्यासारखं केलं.

एका गोष्टीवर मात्र त्याचा सगळा जीव टांगलेला होता. बाहेर काय ऐकू येतं न येतं ते असो, वखारीत त्याला धोंडूची हाक ऐकू येत होती. आणि काशीरामला जगात ऐकू यायला हवी अशी तीच एक हाक होती. कुवारबावच्या पुढे अण्णांची लाकडाची वखार, तिच्यात आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या कापायची मोठी गोल करवत. तिला सगळे चक्री म्हणत. चक्रीच्या अलीकडे काशीराम, पलीकडे धोंडू. काशीराम लाकूड पुढे ढकलायचा, धोंडू कापून आलेली फळी ओढून घ्यायचा. फळी निघाली की लाकडाची एक बारीक चोयटी पात्याच्या कडेला अडकून राहायची. ती बोटानं उपसली नाही तर पुढची फळी वाकडी जायची. चक्री तर फिरतच असायची. धोंडू हात घालायचा, चोयटी उपसायचा, हात बाहेर काढायचा आणि ओरडायचा, "हा!" मग काशीरामनं पुढचं लाकूड ढकलायचं. त्याच्याआधी ढकललं तर लाकूड आणि पातं यांच्यामध्ये धोंडूची बोटं. हाक आणि ढकल, हाक आणि ढकल. दिवसभर दुसरं काही नाही. एकमेकांचं तोंडही दिसायचं नाही. भुसा काशीरामच्या डोळ्यांत उडू नये म्हणून चक्रीवर एक पत्रा उभा ठोकलेला होता, खाली लाकूड जाण्यापुरती फट. त्या पत्र्याला एक खिडकी पाडली असती तरी चाललं असतं, पण ते कधी कुणाच्या डोक्यात आलं नाही. येणार कसं? त्यांच्या बापांनाही एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं.

दोघे मंडणगडकडच्या एकाच वाडीतले. बाप दोघांचे जंगलात ओंडके कापायचे, हाताच्या मोठ्या करवतीनं. जमिनीत खड्डा खणायचा, त्यावर ओंडका आडवा टाकायचा, एकजण वर उभा, एकजण खाली खड्ड्यात. वर काशीरामचा बाप, खाली धोंडूचा. खालच्या माणसाला वरचं काही दिसत नाही, दिवसभर वरून भुसा तोंडावर पडतो, म्हणून तो डोळे मिटून करवत ओढतो आणि ओढून झाली की म्हणतो, "हा." काशीराम लहानपणी भाकरी घेऊन जायचा तेव्हा त्याला लांबून बाप दिसायचा, आणि जमिनीतून कुणीतरी हा, हा म्हणायचं. जमीनच बोलते असं त्याला कितीतरी दिवस वाटत होतं. मग एकदा खड्ड्यातून धोंडूचा बाप वर आला, पिवळा झालेला, भुवया पिवळ्या, नाकपुड्या पिवळ्या, आणि खोकत खोकत हसला. त्याला बघून काशीराम रडत पळाला होता. धोंडू ही गोष्ट अजून सांगायचा, डबा खाताना, पत्र्याच्या अलीकडे येऊन बसला की. तुझ्या बापानं आयुष्यभर माझ्या बापाच्या डोक्यावर भुसा पाडला, आता तू माझ्यासमोर उभा, असंही म्हणायचा. धोंडूचा बाप पुढे खोकूनच गेला. त्या वेळी कुणी त्याचा भुशाशी संबंध लावला नाही. म्हातारा झाला, गेला, एवढंच.

संबंध लावणारा एकच माणूस निघाला, तो म्हणजे अण्णांचा मुलगा यज्ञेश. अण्णा म्हणजे दत्तात्रेयअण्णा, वखारीचे मालक. बागा त्यांच्या, पेट्या त्यांच्या, माणूस तसा वाईट नाही, फक्त जिथं काही करायचं नसेल तिथं हसून वेळ मारून न्यायची त्यांना फार सवय. यज्ञेश पुण्याला शिकून आला आणि येताना त्यानं एक खोकं आणलं. त्यात कानांवर घालायच्या काळ्या वाट्या होत्या आणि तोंडाला लावायचे पांढरे मास्क होते. हे घातल्याशिवाय चक्री सुरू करायची नाही, असं त्यानं सगळ्यांना उभं करून सांगितलं. बिचारा मनापासून सांगत होता. काशीरामनं वाट्या चढवल्या. सगळं लांब गेलं. चक्री शेजारच्या गावात चालू असावी तशी. पत्र्यापलीकडून धोंडूची हाक येईना, तर हात लाकडावरच थिजून राहिला. तिकडे धोंडूची वेगळीच तऱ्हा. मास्कच्या आतल्या आत हाक मरायची, नुसतं हूं ऐकू यायचं. त्यानं तो गळ्यात उतरवून ठेवला. त्याच दुपारी ओंडक्यातला जुना खिळा पात्याला लागला. एरवी खिळा पात्याला नुसता शिवला तरी काशीरामला कळायचं, चक्रीचा सूर जरा चिरकायचा, आणि तो लाकूड मागे घ्यायचा. त्या दिवशी कळलं नाही. पात्याचा दात उडाला आणि दोघांच्या मधून जाऊन खांबात घुसला. खांबातला तो तुकडा अजून आहे. काशीरामनं वाट्या काढल्या आणि यज्ञेशसमोर लाकडावर ठेवल्या. "कान बांधून चक्री चालत नाय, भाऊ," तो म्हणाला. "आमचं काम कानावर हाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. खुद्द अण्णाही हसून म्हणाले की जुनी माणसं आहेत, त्यांना त्यांच्या पद्धतीनं करू दे. वाट्या आणि मास्क खिळ्याला अडकले ते अडकलेच. खंडेनवमीला चक्रीला, पान्यांना, कानशींना झेंडूची माळ पडायची तेव्हा त्यांनाही एकेक फूल वाहिलं जायचं, आणि सरकारी साहेब तपासणीला आला तर तो जाईपर्यंत ते अंगावर चढायचे.

त्या दिवसाचा काशीरामला फार अभिमान होता. शिकलेल्या मुलाला आपण बोललो, आणि आपलं खरं निघालं, याचा. आता चार वर्षांनी, मांडवीहून परत येऊन खोलीच्या पायरीवर बसल्यावर, त्याला पहिल्यांदा वाटलं की आपण म्हटलं ते तर खरंच होतं. काम कानावर होतं. म्हणून तर कान उघडे ठेवले. आणि उघडे ठेवले म्हणूनच... इथपर्यंत विचार आला की त्याचं मन पुढे जायला तयार होईना. तो उठून विनाकारण पाण्याचा हंडा सरळ करायचा, पुन्हा येऊन बसायचा. राही आत भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज येत नव्हता, पण पाठीमागची भिंत पाठीला हलकी हलकी लागत होती, तेवढ्यावरून कळत होतं.

सोमवारी सकाळी रहाटाघरच्या स्टँडवरून गाडी पकडून तो वखारीत गेला. हंगाम ऐन भरात होता. बागांतून पेट्यांसाठी माणसं दारात येऊन उभी. चक्री सुरू झाली आणि काशीरामच्या डोक्यातली चक्री आणि बाहेरची चक्री एकमेकींत मिसळली. आता खरी कोणती आणि खोटी कोणती हे बघायची गरज उरली नाही, आणि त्याला बरं वाटलं. कुणी हसेल, पण दिवसभरात त्याला फक्त इथंच आपण धडधाकट असल्यासारखं वाटायचं. इथं सगळेच बहिरे. सगळेच हातवारे करतात. त्यानं पहिलं लाकूड लावलं, ढकललं, फळी पलीकडे गेली. तो थांबला. कान पत्र्याकडे, श्वास धरलेला. आणि आली. "हा!" स्वच्छ, खणखणीत, पोटातून काढलेली धोंडूची हाक. समुद्र गेला तर गेला, काशीरामच्या मनात आलं, हे आहे ना. त्यानं दुसरं लाकूड ढकललं. डोळ्यांत पाणी आलं ते भुशानं आलं असं म्हणायला जागा होती.

डबा खायच्या वेळी धोंडू समोर येऊन बसला. शिमग्यापासून तो फारसा बोलत नव्हता. शिमग्याला दोघे गावी गेले होते. अण्णांनी हंगामात रजा द्यायला खळखळ केली, पण पालखी नाचवायला जायचं नाही तर मग जगायचं कशाला? धोंडू पालखीपुढे दोन दिवस फाका घालत होता, बेंबीच्या देठापासून ओरडून. परत येताना एस्टीत त्याचा घसा पार बसलेला. बसायचाच, सगळ्यांचाच बसतो. त्यानंतर डबा खाताना तो मान खाली घालून जेवायचा, बापाची गोष्ट नाही, चेष्टा नाही, फारतर हातानं लोणचं हवं का विचारायचा. काशीरामला आधी हायसं वाटलं होतं. धोंडू बोलत नाही म्हणजे आपल्याला ऐकावं लागत नाही. मग हळूहळू त्याचा घोर लागला. धोंडूला कळलं तर नसेल? कळलं आणि राग आला असेल? की दया येऊन तो मुद्दाम गप्प राहत असेल? दया असली तर ती नको होती. धोंडूच्या डाव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली होती, आठवड्यापूर्वीची, आता काळी पडलेली. ती बांधली त्या दिवशी काशीरामनं खुणेनं विचारलं होतं, काय झालं? धोंडूनं चोयटी उचलून दाखवली. चोयटी लागली. काशीरामनं मान हलवली. आताही त्यानं त्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि धोंडूनं हात मांडीखाली घेतला.

एकदा तो सिव्हिल हॉस्पिटलातही जाऊन आला होता, राहीला न सांगता. कानाच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर बाकावर बसला. त्यानं नाव दिलं होतं; आता पुकारतील, असं शेजारचा माणूस खुणेनं म्हणाला. काशीराम बसून राहिला. माणसं उठत होती, आत जात होती, बाहेर येत होती, बाक रिकामं होत गेलं, आणि शेवटी एक बाई आली आणि तिनं त्या खोलीला कुलूप लावलं. त्याचं नाव पुकारलं असणार, दोनदा, तीनदाही पुकारलं असेल. काशीराम उठला, रस्त्यावर आला, आणि त्याला हसू आलं. आणि मग असला राग आला की कुणाच्या तरी कानफटात मारावी. पुन्हा तो तिकडे फिरकला नाही. जाऊन तरी काय करायचं होतं? डॉक्टर म्हणणार, चक्री सोड. चक्री सोडली तर अण्णा त्याला भुसा भरायला लावणार, पोत्यांत, म्हाताऱ्या बायकांबरोबर. आणि चक्रीवर कोण येणार? कुणी परका, ज्याला धोंडूच्या हाकेची सवय नाही. त्यातून पुढच्या वर्षी बागवाले पुठ्ठ्याची खोकी वापरणार अशी बोलवा होती. लाकडाची पेटीच गेली की चक्रीवर दोन माणसं ठेवायची की एक, हे अण्णा हसत हसत ठरवणार. म्हणजे आपण गेलो की धोंडूही गेला. मुद्दा एवढाच होता की धोंडूचा हात सांभाळायचा, आणि तो आपण सांभाळतो आहोत. हाक येते आहे. हाक येते तोवर आपल्याला कुणाला काही सांगायचं कारण नाही. असं त्यानं स्वतःला शंभरदा पटवलं होतं. तरी मांडवीपासून त्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं. ढकलण्याआधी तो क्षणभर जास्त थांबायला लागला होता.

गुरुवारी तो कामावरून आला तेव्हा उन्हं अजून कौलांवर होती. राही दारातच बसली होती, चूल पेटलेली नव्हती. ती धोंडूच्या घरून आली होती; धोंडूची बायको गोदा ही राहीची लांबची बहीण. तिनं काहीतरी सांगायला सुरुवात केली. काशीराम पायांवर पाणी घेत "हो, हो" म्हणाला. तर राही उठली, त्याच्या हातातला तांब्या घेऊन खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरून आपल्याकडे वळवलं, लहान पोराचं धरतात तसं. इतक्या वर्षांत तिनं असं कधी केलं नव्हतं.

"अवो, माझ्या तोंडाकडं बघा," ती म्हणाली. सावकाश, एकेक शब्द मोठा करून. "तुमाला ऐकू येत नाय. मला माहीत हाय. मांडवीला मी धोंडूभावजींचं सांगत होते, तुमी नुसतं हो म्हणालात."

काशीरामनं तोंड सोडवून घ्यायचा प्रयत्न केला नाही. लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही. उलट अंगावरून ओझं उतरल्यासारखा तो पायरीवर बसला, आणि राही त्याच्यासमोर बसून त्याला सांगत राहिली. काही शब्द पोचत होते, काही ओठांवरून कळत होते, न कळलेलं ती पुन्हा सांगत होती. धोंडूभावजींचा आवाज गेलाय. शिमग्यात बसला तो आलाच नाही. गोदा त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली होती. घशात गाठ आहे, मोठ्या दवाखान्यात दाखवा, भुशात जाऊ नका, असं डॉक्टर म्हणाला. भावजी म्हणतात हंगाम होऊ दे. घरात खुणा करतात. शेजारच्या माणसाला ऐकू जाईल एवढासुद्धा आवाज निघत नाही.

काशीराम तिच्या ओठांकडे बघत होता. हे काहीतरी चुकतंय, असं त्याला वाटलं, ओठ वाचताना आपण चुकतोय. तो म्हणाला, "वखारीत ओरडतो ना तो."

राहीनं मान हलवली. नाही. शिमग्यानंतर एकदाही नाही. गोदानंच तिला सांगितलं होतं, आणि कौतुकानं सांगितलं होतं. गोदानं नवऱ्याला विचारलं, हाक मारता येत नाही तर काम कसं करता? तर त्यांनी पाटीवर लिहून नाही, हातवारे करूनच दाखवलं: काशीराम पत्र्याखालच्या फटीतून माझा हात बघतो. मी हात काढला की बरोब्बर लाकूड सोडतो. त्याला हाक लागतच नाही. इतकी वर्षं मी उगाच ओरडत होतो. एकदाच चुकला, अंगठ्याला पातं निसटतं लागलं. पण कुणाला सांगू नकोस, त्याच्या जिवाला लागेल.

मग राही बोलायची थांबली, किंवा बोलत असेल. काशीरामचे डोळे तिच्या तोंडावरून निघाले होते. समोरच्या गडग्यावर कुणाचं तरी लुगडं वाळत होतं, त्याची सावली हलत होती. शिमग्यापासून. रोज, दिवसभर. तो थांबत होता, श्वास धरून, आणि हाक येत होती. कधी ती जरा उशिरा यायची, तेव्हा तो मनात म्हणायचा, चोयटी घट्ट बसलेली दिसते. कधी लगेच यायची. कधी तिच्यात धोंडूचा कंटाळा ऐकू यायचा, कधी दुपारच्या जेवणाची घाई. एवढं सगळं त्याला ऐकू येत होतं. आणि पत्र्यापलीकडे धोंडू तोंड मिटून फिरत्या पात्याच्या कडेला बोटं घालत होता, काशीराम बघतोय म्हणून निर्धास्त. अंगठ्याला पातं लागलं त्या वेळीही हाक आली असणार, कारण हाक आल्याशिवाय काशीराम ढकलतच नाही. मग ती मारली कुणी? काशीरामला खड्डा आठवला, जमिनीतून येणारा तो आवाज, आणि रडत पळणारा पोरगा. आपण माणूस नाही, काहीतरी भलतंच त्या चक्रीसमोर उभं करून ठेवलंय, असं त्याला वाटलं. राहीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला तर तो दचकला.

सकाळी तो नेहमीसारखा निघाला. राहीनं खुणेनं विचारलं, सांगणार ना? तो हो म्हणाला, या वेळी बरोबर जागी. पण वखारीत शिरला तर यज्ञेश कुणाशी तरी वाद घालत होता, अण्णा पेट्यांवर बागांची नावं टाकून घेत होते, धोंडू आधीच पत्र्यापलीकडे जाऊन उभा होता, आणि कुणाला कुठून सांगायला सुरुवात करावी हे काशीरामला सुचेना. खिळ्याला काळ्या वाट्या लटकत होत्या, त्यांच्यात वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या. कुणीतरी खटका दाबला. चक्री फिरायला लागली, आधी दात दिसत होते, मग दिसेनासे झाले. सवयीनं त्याचा हात लाकडावर गेला. पहिलं लाकूड त्यानं लावलं, ढकललं. फळी पलीकडे गेली. आता पलीकडे धोंडू वाकला असेल, चिंधी बांधलेला अंगठा आत घातला असेल. काशीराम थांबला.

"हा!"

काशीरामनं डोळे घट्ट मिटले. तीच हाक होती. धोंडूचीच; पण त्याला आता कळलं की ती आजच्या धोंडूची नव्हती, ती पंचविशीतल्या धोंडूची होती, मिशी नुकती राखलेल्या, छाती भरलेल्या. आवाजात खरखर नव्हती, भुसा नव्हता. "हा!" पुन्हा आली, जरा चढून, झोपलास काय मेल्या, असं म्हणणारी. काशीरामचे दोन्ही हात लाकडावर होते आणि ते आपण होऊन पुढे निघाले होते. खांदे, कोपरं, मनगटं, सगळ्यांना ही हाक पाठ होती. त्यानं लाकूड मागे ओढलं. ते जमिनीवर पडलं, पायाच्या बोटांवरून गेलं, आणि तो तसाच लंगडत खटक्यापाशी गेला आणि त्यानं चक्री बंद केली.

ऐन हंगामात चक्री बंद. अण्णा पाठमोरे होते ते वळले, त्यांचा हसरा चेहरा अजून ठरवतच होता की हसायचं का. यज्ञेश घाईनं येत होता. काशीराम कुणाकडे न बघता पत्र्याला वळसा घालून पलीकडे गेला. इतक्या वर्षांत चक्रीच्या या बाजूला तो कधी उभा राहिला नव्हता. इथं भुसा घोट्याच्या वर होता, खांबावर, पत्र्यावर, तुळयांवर पिवळा थर होता, आणि या सगळ्यात धोंडू उभा होता, भुवया पिवळ्या, नाकपुड्या पिवळ्या, बापासारखा. पकडला गेल्यासारखा तो काशीरामकडे बघत होता. चिंधीचा अंगठा त्यानं मुठीत लपवला होता. आपल्याला आवाज नाही हे काशीरामला कळलं, आता आपलं काम गेलं, एवढंच त्याच्या डोळ्यांत होतं.

"धोंडू," काशीराम म्हणाला. तो ओरडला असणार, कारण पेट्या ठोकणाऱ्या सगळ्या माणसांच्या माना वर झाल्या. "मी बघत नव्हतो रे. फटीतनं काय दिसत नाय. मला ऐकूबी येत नाय."

धोंडू त्याच्याकडे बघत राहिला. मग बघणं बदललं. तो मागच्या दिवसांतून एकेक फळी परत काढून बघत असावा. त्याचा चेहरा पांढरा पडला, पिवळ्या भुशातूनही दिसेल इतका. त्यानं मूठ उघडली, आपल्या बोटांकडे पाहिलं, सगळ्या बोटांकडे. मग त्यानं तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या, ओठ हलले, पुन्हा हलले. आवाज निघाला नाही, की निघाला आणि आपल्याला आला नाही, हे काशीरामला कळेना. यज्ञेश येऊन दोघांच्या मध्ये उभा राहिला होता, तोही काहीतरी विचारत होता. चक्री थांबली होती. आता तिचे दात एकेक करून मोजता आले असते.

"हा!" धोंडूचे ओठ मिटले होते, तरी त्याची हाक आली.

काशीरामनं धोंडूचा हात मनगटाशी घट्ट धरला आणि थांबलेल्या पात्यापासून लांब ओढून घेतला.